विषारी औषध

मराठी वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर एक वाक्य गेली कित्येक वर्षे जवळजवळ तसेच्या तसे छापले जाते. अमुक तालुक्यातल्या अमुक इसमाने 'विषारी औषध प्राशन केले'. वाचणारा त्यावर अडखळत नाही. वास्तविक अडखळायला हवे, कारण त्या तीन शब्दांतला प्रत्येक शब्द दुसऱ्याला छेद देतो. जे विषारी ते औषध कसे, आणि देवघरातल्या तीर्थाला शोभणारे 'प्राशन' इथे काय करते आहे? बातमीदाराने हे वाक्य घडवलेले नाही. गावात लोक 'औषध घेतलं' म्हणतात, पोलिसांच्या कागदाला 'विष' हा शब्द लागतो. बातमीदाराने दोन्ही एकत्र बांधले. शेतीत आणि सार्वजनिक आरोग्यात काम करणाऱ्या अनेकांना यातले 'औषध' फार खटकते. त्यांचे म्हणणे असे, की कंपन्यांनी, दुकानदारांनी आणि शेतकी खात्याने विषाला गोंडस नाव दिले, शेतकरी त्या नावाला भुलला, आणि फवारणीतल्या निष्काळजीपणाचे मूळ या भुलण्यात आहे. मला हे निदान पटत नाही. 'औषध' हा शब्द मराठीच्या जुन्या व्यवहारातून आला आहे, आणि त्या व्यवहारात विषाची पुरेपूर जाणीव होती. त्या जाणिवेबरोबर एक माप होते आणि ते मोजणारा हात होता. विसाव्या शतकात शब्द राहिला. माप आणि हात मात्र मागे पडले.

आधी व्याकरण पाहू. खोकल्याचे औषध, जंतांचे औषध, ढेकणाचे औषध, उंदराचे औषध. या सगळ्या षष्ठींमध्ये एक शिस्त आहे: ज्याचा नायनाट करायचा त्याचे नाव आधी. उंदराचे औषध म्हणजे आजारी उंदराला बरे करणारी पुडी, असा घोटाळा मराठी मुलालाही होत नाही. बोंडअळीचे औषध, माव्याचे औषध हे त्याच साच्यातले शब्द. इथे रोगी आहे ते पीक आणि रोग आहे ती अळी. शेतकी विद्यापीठाच्या पुस्तकात 'कीड' आणि 'रोग' यांची प्रकरणे निराळी असतात. मावा, तुडतुडे, फुलकिडे एकीकडे आणि करपा, भुरी, तांबेरा दुसरीकडे. शेतकऱ्याच्या बोलण्यात ही भिंत नाही. कपाशीवर काहीही आले तरी 'रोग पडला'. नाशिककडच्या द्राक्षबागायतदारांनी डाउनी मिल्ड्यू या परक्या रोगाची सरळ 'डावणी' करून टाकली, आणि डावणीचे औषध मारणे हा बागेतल्या कामाचा नेहमीचा भाग झाला. खताचा 'डोस', वाढीसाठी 'टॉनिक', पिवळ्या पडलेल्या पानांवरून केलेले 'निदान' ही सगळी दवाखान्याचीच भाषा. ती नवीही नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा अध्याय आहे आणि त्यात रोगी झाडाला वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप सांगितला आहे. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात तर झाडांनाही वात, पित्त आणि कफ आहेत. आजच्या फवारणी करणाऱ्याने हे ग्रंथ वाचलेले असण्याची गरज नाही. पीक आजारी पडते आणि त्याला औषध लागते ही समजूत मात्र कृषी सेवा केंद्रांच्या पाट्या रंगवल्या जाण्याच्या फार आधीपासून इथे होती, एवढे यातून दिसते.

आता विषाच्या बाजूने पाहू. सोमल, हरताळ, मनशीळ, रसकापूर, बचनाग, कुचला, धोतरा, कण्हेर, बिब्बा: मराठीतली जुनी विषे मोजायला बसले तर यादी काष्ठौषधीवाल्याच्या दुकानातच येऊन पोचते. घातक म्हणून ओळखली जाणारी बहुतेक द्रव्ये वैद्याच्या बटव्यातही होती. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक, अगदतंत्र, पूर्ण विषालाच वाहिलेले आहे. सुश्रुताने विषांचे स्थावर आणि जंगम असे गट पाडले आणि माणसाने बनवलेल्या विषाला आयुर्वेदात 'गर' असे वेगळे नाव मिळाले. चरकाने तर सांगूनच टाकले, की नीट योजलेले तीव्र विष उत्तम औषध होते आणि चुकीचे योजलेले औषध विष. पण हे चतुर वाक्य एकटे फिरत नव्हते. त्याच्या मागे शोधनाचा खटाटोप होता. बचनागाचे तुकडे दिवसच्या दिवस गोमूत्रात भिजत ठेवायचे, गोमूत्र बदलायचे, उन्हात वाळवायचे, आणि मग कुठे त्याला हात लावायचा. मात्रा सांगायची ती मोहरीने, तांदळाने, फार तर गुंजेने. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे एक गुंज ग्रॅमच्या आठव्या हिश्श्याइतकी. आणि गंमत अशी, की काळ्या डोळ्याची ती तांबडीलाल बी स्वतः विषारी आहे, रसशास्त्राने तिला उपविषांत बसवले आहे. विष तोलायला वजन वापरायचे तेही विषाचे. हे माप भाषेत किती खोल मुरले होते याची साक्ष एक साधा वाक्प्रचार देतो. एखादी वस्तू मुळीच मिळत नसली की आपण ती 'औषधालाही मिळत नाही' म्हणतो. मराठीच्या कानाला औषध म्हणजे आधी एक प्रमाण आहे, चिमटीत मावणारे. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात सोमल आणि बचनाग सापडतात ते याच जगातले शब्द म्हणून.

हरताळाविषयी इथे थोडे थांबायला हवे, कारण कीटकनाशकाचा मराठीतला एक जुना पुरावा आपण रोज तोंडाने घोळवतो आणि ओळखत नाही. हरताळ हा आर्सेनिकचा पिवळा खनिज पदार्थ. पोथीच्या कागदाला त्याचा हात दिला की कसर आणि वाळवी दूर राही. लिहिताना चूक झाली तर त्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप देऊन वर नवे अक्षर काढत. त्यावरून तत्त्वांना, नियमांना, आश्वासनांना 'हरताळ फासणे' आले. दुकाने बंद ठेवण्याचा हरताळ निराळा, तो हाटाला लावलेल्या टाळ्यातून आला आहे. दोन्हींची गल्लत अग्रलेखांत नित्य होते. पोथीला हरताळ लावणाऱ्या लेखकाला आपण कीड मारण्याचे विष हाताळतो आहोत हे ठाऊक होते, आणि तेच द्रव्य वैद्याकडे भस्माच्या रूपाने पोटात जाते हेही.

कुणी म्हणेल, हे सगळे पंडितांचे आणि वैद्यांचे. खेड्यातला 'औषध मारणे' हा प्रयोग तर पन्नास-साठ वर्षांतला आहे, आणि तो विक्रेत्यांनीच रूढ केला. प्रयोग नवा आहे हे कबूल. पण भाषेने हाच प्रवास पूर्वी एकदा केलेला आहे. 'दारू' हा फारसी शब्द मुळात औषध या अर्थाचा. मराठीत तो आला आणि पिण्याची दारू झाला, तोफेची दारू झाला, दारूगोळा झाला, दिवाळीत शोभेची दारू झाला. तोफेच्या पोटात ठासायच्या काळ्या भुकटीला औषधाचे नाव द्यायला कोणती कंपनी आली होती? शेजारी कन्नडात 'मद्दू' म्हणजे औषधही आणि बंदुकीची दारूही. तेलुगूत 'मंदू' औषधाला, मद्याला आणि पिकावरच्या फवाऱ्यालाही चालतो. हिंदीत 'दवा' छिडकतात. थोडक्यात घेतल्यावर मोठा परिणाम करणारे, ज्याला जपून हात लावायचा, ते द्रव्य म्हणजे औषध, असा एक समज या सगळ्या भाषांच्या तळाशी आहे. विक्रेत्याला तो शब्द सोयीचा पडला यात शंका नाही. पण तयार वाट दिसली म्हणून तिच्यावरून गेलेल्याने ती वाट पाडली असे होत नाही.

या वाटेवरचा मधला टप्पा मला सर्वांत बोलका वाटतो, आणि तो म्हणजे मोरचूद. फ्रान्समध्ये बोर्दोच्या परिसरात वाटेकडेच्या द्राक्षवेलींना मोरचूद आणि चुना फासत, कशासाठी, तर येणाऱ्याजाणाऱ्याला ते विष वाटावे आणि त्याने घड तोडू नयेत. मिलार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले की फासलेल्या वेलींवर डावणी नाही. १८८५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केले. विषाची बतावणी करणारा लेप असा औषध ठरला. सुपारीच्या कोळेरोगावर आणि द्राक्षांवर आपल्याकडे हे बोर्डो मिश्रण आले ते बाटलीतून आले नाही. एक टक्क्याच्या मिश्रणाला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. मोरचूद निराळे विरघळवायचे, चुना निराळा, दोन्ही द्रावणे तिसऱ्या भांड्यात एकदम ओतत ढवळायची. भांडे धातूचे चालत नाही. मग त्या आकाशी पाण्यात लोखंडी विळ्याचे पाते बुडवायचे. पाते बाहेर काढल्यावर त्याच्यावर तांबूस थर चढलेला दिसला, तर मोकळे तांबे शिल्लक आहे, पाने करपतील, चुना आणखी घाला. पाते स्वच्छ निघाले की मिश्रण साधले. मोरचूद हे विष आहे हे बागेत सगळ्यांना ठाऊक असते, त्याला औषधही म्हणतात, आणि दोन्हींच्या मधली रेघ कुठे आहे ते विळ्याच्या पात्यावर डोळ्यांनी दिसते. वैद्याच्या शोधनाशी या परीक्षेचे नाते अगदी जवळचे आहे.

सीलबंद बाटली आली आणि हे नाते तुटले. विषाच्या विक्रीवर लक्ष ठेवायला इंग्रज सरकार शिकले होते. मुंबई इलाख्यात १८६६ मध्ये विषांच्या विक्रीचा कायदा झाला, देशभरासाठी १९०४ मध्ये आणि पुन्हा १९१९ मध्ये. त्या कायद्यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः सोमल होता. कातड्यासाठी गुरांना सोमल घालतात असा अधिकाऱ्यांचा समज होता, आणि चामड्याचे काम ज्यांच्या माथी मारले गेले होते त्याच जातींवर तो संशय सरसकट लादला गेला; पुराव्यापेक्षा संशयच पुष्कळ. तरी त्यातून एक पद्धत निघाली: परवानाधारकाने वही ठेवायची, कुणी, किती आणि कशासाठी नेले ते लिहायचे, घेणाऱ्याची सही घ्यायची. पुढे डीडीटी आले. १९५३ मध्ये हिवतापाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि पाठीवर पंप घेतलेले सरकारी लोक घराघरांत भिंती फवारून, दारावर तारीख टाकून जाऊ लागले. विष फवारायला सरकार स्वतः येते, तेही माणसे वाचवायला. 'औषध' हा शब्द घट्ट करायला याहून मोठे काय हवे होते? त्यामागोमाग गॅमेक्सिन, पॅराथिऑन आणि एन्ड्रीन शेतात आले. सोमलाच्या गुंजेसाठी सही मागणाऱ्या राज्यात हे डबे किराण्यासारखे विकले जाऊ लागले. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन सांडलेल्या पिठातून शंभराहून अधिक माणसे दगावली, चौकशी झाली, आणि तरीही कीटकनाशक अधिनियम यायला १९६८ उजाडले. नियम १९७१ मध्ये लागू झाले. त्या नियमांनी बाटलीवर एक तिरपा चौकोन दिला. त्याचा खालचा त्रिकोण लाल असला तर अत्यंत विषारी, पिवळा असला तर त्याहून कमी, मग निळा, मग हिरवा. लाल चौकोनावर कवटी आणि 'विष' ही अक्षरे. याच सुमारास गावोगावच्या भिंतींवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण रंगवला जात होता. सरकारी रंगकोशात एकाच आकाराने किती कामे करावीत, याचा विचार निरनिराळ्या खात्यांनी एकत्र बसून केला नसावा.

लोकांना विष कळले नव्हते, असे मात्र या काळाविषयी म्हणता येत नाही. उलट 'एन्ड्रीन' हा शब्द मराठी खेड्यात मरणाचा पर्याय झाला. शहरात ती जागा ढेकूण मारायच्या टिक-ट्वेंटीने घेतली. एन्ड्रीनवर १९९० मध्ये बंदी आली, तरी जुन्या माणसांच्या तोंडी कोणत्याही पिण्याच्या विषाला तेच नाव राहिले. रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेतून आलेले नाव कोशात नोंद होण्यापूर्वी शोकाच्या भाषेत रुजले. म्हणजे एकच डबा शेताच्या बांधावर औषध होता आणि घराच्या उंबऱ्याआत एन्ड्रीन. बोलणारा माणूस जागा आणि हेतू पाहून शब्द बदलत होता. भुललेला माणूस अशी निवड करत नाही.

यावरचा खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो टाळता येणार नाही. शब्दाचा इतिहास कितीही जुना असो, आज 'औषध' ऐकून हातमोजे घालावेसे वाटत नाहीत, आणि 'विष' ऐकून वाटले असते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात गेले. तेव्हा हा युक्तिवाद पुष्कळ झाला. पण त्या वर्षीचे तपशील काय सांगतात? कपाशी माणसाच्या डोक्याच्या वर वाढली होती, त्यामुळे फवारा अंगावरच येत होता. जोरात आणि बारीक फवारणारे नवे पंप आले होते. दोन-तीन औषधे एकत्र कालवली जात होती. फवारणारे बरेचसे मजूर होते, बाटली दुसऱ्याने आणलेली, मिश्रण दुसऱ्याने ठरवलेले. विदर्भातल्या त्या उकाड्यात रबरी पोशाख घालून आठ तास चालणे म्हणजे काय, हे सल्ला देणाऱ्याने एकदा करून पाहावे. आणि माप? पंधरा लिटरच्या पंपाला दोन झाकणे किंवा तीन. झाकण कोणत्या बाटलीचे, ते सांगायला कुणी नाही. पत्रकावर सर्व काही छापलेले असते, हिंदी, इंग्रजी आणि मराठीतही, भिंगाखाली वाचता येईल एवढ्या अक्षरात. यातल्या कोणत्या गोष्टीत 'औषध' ऐवजी 'विष' म्हटल्याने फरक पडला असता ते मला दिसत नाही. झाकणाच्या जागी माप आले असते तर पडला असता.

बरे, पर्यायी शब्द तरी अधिक प्रामाणिक आहेत का? 'कीटकनाशक' हा कचेरीतला शब्द. तो मरणारा कोण हे आधीच ठरवून टाकतो आणि बाकीच्या सर्व जिवांना सुरक्षित अंतरावर उभे करतो. १९६८ च्या अधिनियमात तर तणनाशके, बुरशीनाशके आणि उंदीर मारायची द्रव्येही कायद्याने कीटकनाशकेच आहेत. उंदराला कीटक करून टाकणाऱ्या भाषेने शेतकऱ्याच्या 'औषधा'ला हसू नये. कारखान्याचा शब्द 'रसायन'. आयुर्वेदात रसायन म्हणजे आयुष्य वाढवणारी चिकित्सा, च्यवनप्राश हे त्यातले घरोघरी पोचलेले उदाहरण. पनवेलजवळच्या रसायनीत हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्सचा कारखाना उभा राहिला, आणि 'रासायनिक' हे विशेषण आज भाजीवाल्याकडे शिवीसारखे वापरले जाते. 'विषमुक्त शेती' हा अलीकडचा लाडका शब्द घ्या. तो बोलतो ते खाणाऱ्याच्या बाजूने: माझ्या भेंडीवर, माझ्या द्राक्षावर अंश नको. ती काळजी रास्तच आहे. पण पंप पाठीला लावलेला मजूर त्या शब्दात कुठेच येत नाही. आला तर विष पिकवणारा म्हणून येतो. 'औषध' या शब्दात निदान हाताळणारा माणूस गृहीत आहे, कारण औषध कुणीतरी कुणालातरी द्यावे लागते.

त्या देण्याघेण्याची दुसरी बाजू ग्रामीण रुग्णालयात दिसते. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातले औषध अंगात भिनलेला माणूस आणला जातो तेव्हा त्याच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या असतात, तोंडातून लाळ, अंगभर घाम, छातीत घरघर. त्यावर जो उतारा देतात तो अट्रोपिन. धोतऱ्याच्या बीमध्ये असते त्याच कुळातले हे द्रव्य. वाटसरूंना धोतरा घालून लुटल्याचे खटले ज्या काळात नित्य चालत, त्या काळात तोंडाला कोरड, रुंदावलेल्या बाहुल्या आणि असंबद्ध बडबड ही त्याची लक्षणे पोलीसही ओळखत. डॉक्टरला आता दोन विषांच्या मधून वाट काढायची असते. काही मिनिटे थांबायचे, छाती ऐकायची, नाडी मोजायची, बाहुलीवर उजेड टाकायचा, पुढचे इंजेक्शन द्यायचे आणि परत थांबायचे. घरघर थांबेपर्यंत द्यायचे, बडबड सुरू होण्याआधी हात आखडायचा. नर्स प्रत्येक वेळ आणि प्रत्येक मिलिग्रॅम खाटेला अडकवलेल्या कागदावर लिहीत जाते.